पाय आपटायची जागा

क्रॅगशॉ,
जुलै

प्रिय ट्रेव्हर,

तुझं नाताळचं कार्ड पोचलं होतं, टोपी घातलेल्या कांगारूचं. उत्तर द्यायला जुलै उजाडला म्हणून रागावू नकोस. आणि रागावलास तर रागाव, तिकडे ऑस्ट्रेलियात बसून तू माझं काय वाकडं करणार आहेस? पण आजची बातमी कार्डाच्या कोपऱ्यात मावणारी नाही. गेल्या शनिवारी आपल्या रग्बीच्या मैदानावर 'ग्रॅनाइट लार्क' बँडवाले येऊन गाऊन गेले. हो, तेच, खुद्द! निरोपाचा दौरा आहे त्यांचा. आणि तिथं जे झालं ते दुसऱ्या कुणी तुझ्या कानावर घालायच्या आत मला सांगायचंय, कारण त्याच्या मुळाशी तू आहेस. म्हणजे तुझं कोपर.

त्यांची 'दुसऱ्या पाळीचा चंद्र' ही रेकॉर्ड तू लीड्सच्या बाजारातून आणलीस तो दिवस आठवतो का? बसच्या गर्दीत वाकू नये म्हणून कोटाच्या आत छातीशी धरून आणलीस, आणि घरी रेकॉर्ड प्लेअर नाही म्हणून सरळ आपल्या कामगार क्लबाला देऊन टाकलीस. तोवर आपण काय ऐकायचो? समुद्रकिनारे, उघड्या मोटारी, उन्हानं तांबूस झालेल्या पोरी. गाणी झकास होती, पण त्यांचा नि आपला काय संबंध? आणि या रेकॉर्डवर सुई टेकली तर पहिला आवाज आला गिरणीच्या भोंग्याचा! बारमागचा हॅरल्ड दचकून घड्याळाकडे बघायला लागला. मग त्या भोंग्याच्याच सुरात खालून गिटार वर आली, आणि माझ्या अंगावर काटा आला. एक बाजू म्हणजे दिवसाची पाळी, उलटवली की रात्र. शेवटच्या बसच्या धुरकट काचा, कागदात गुंडाळलेले चिप्स, बाप येईपर्यंत जिन्यातच झोपलेलं पोर. सगळं आपलंच! आणि कुठं रडगाणं नाही. आपल्या कष्टांना कुणीतरी एवढा मोठा आवाज दिला होता की ते ऐकताना मी खुर्चीत ताठ बसले. गालिच्याच्या गिरणीत दिवसभर उभी राहणारी मी, माझ्यावर कुणी गाणं करील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. आणि ते शेवटचं गाणं, 'दारात दिवा ठेव, मी येतोय घरी'. गाणारे शेजारच्या खोऱ्यातले, हॅल्डनचे, ज्यांना आपण रग्बीत मनसोक्त शिव्या घालतो ते. पण त्या गाण्यासाठी आपण त्यांचं हॅल्डनचं असणंसुद्धा माफ केलं.

मग तो शनिवारचा नाच. ते शेवटचं गाणं चालू होतं, आणि तू दोन्ही हातांत ग्लास घेऊन माझ्याकडे येत होतास. एकात तुझी बिअर, एकात माझी लेमनेड घातलेली. कान लाल झाले होते तुझे. मी आपली दुसरीकडे बघतेय असं दाखवत होते, पण मला सगळं दिसत होतं. आणि वळताना तुझं कोपर त्या रेकॉर्ड प्लेअरला लागलं. कर्रर्र! सुई अडकली. 'मी येतोय, मी येतोय, मी येतोय', थांबेचना. हॅरल्ड वैतागून ओरडला, "अरे ये ना मग मेल्या एकदाचा!" आणि त्यानं लाकडी फरशीवर असा पाय आपटला की सुई उडाली आणि गाणं पुढं गेलं, 'घरी!' सगळा क्लब खदाखदा हसला. तू ग्लास पियानोवर ठेवलेस आणि बाहेर पडलास. महिनाभरात तुझ्या वडिलांनी तुम्हा सगळ्यांना ऑस्ट्रेलियाच्या बोटीत बसवलं. तुला वाटलं असेल, आपण रेकॉर्ड नासवली.

अरे वेड्या, नासवलीस कुठली! नवी घ्यायला क्लबाकडे पैसे नव्हते, म्हणून तीच वाजत राहिली. सुई तिथं अडकली की सगळ्यांनी मिळून पाय आपटायचा. तीनदा 'मी येतोय', मग धप्प, मग 'घरी'. पोरंबाळं तेच ऐकत मोठी झाली. मैदानावरच्या भोंग्यांवरूनही तीच रेकॉर्ड लागायची. पुढं ती झिजून गेली, नवी आली, पुढं ती चकचकीत सीडी आली, पण क्रॅगशॉत ते गाणं तसंच राहिलं. लग्नात पाय आपटतात, बारशाला आपटतात. माझ्या रॉनीला निरोप द्यायला चर्चमध्ये हेच गाणं लावलं होतं, तेव्हा पाद्र्यानंसुद्धा झग्याखालून हळूच आपटला. रॉनी फार चांगला माणूस होता, ट्रेव्हर. तुला आवडला असता.

तर यंदा वसंतात क्लबाला 'ग्रॅनाइट लार्क'कडून फोन आला. त्यांना शेवटच्या गाण्याला गावातल्या बायका मागे गायला हव्या होत्या, म्हणजे आमचा क्लबातला गट. आम्ही नुसत्या हवेत! पण फोनवरची पोरगी म्हणाली, "कार्यक्रम रेकॉर्ड करून विकायचाय हं, तेव्हा कृपा करून मूळ गाण्यात आहे तसंच गा. तुमच्याकडे म्हणे काहीतरी पाय आपटायचा प्रकार आहे, तो नको." झालं. म्युरिएल, तीच, शाळेत संगीत शिकवायची ती, तिला चेवच चढला. "हॅल्डनहून गाड्या भरभरून माणसं येणार आहेत. त्यांच्या देखत आपण अडाणी ठरायचं का? एवढी वर्षं चुकीचं गातोय आपण, ब्रेंडा, चु-की-चं!" गटाची प्रमुख मी. शब्द मीच देऊन बसले होते. मग काय, म्युरिएलनं आमचा सराव घरातल्या सपाता घालून घेतला, चुकून पाय पडला तरी आवाज होऊ नये म्हणून. सत्तरीतल्या वीस-पंचवीस बाया, केसाळ सपाता घालून एका जागी खिळून उभ्या! घसा गात होता, पण गुडघा आपला दर वेळी वर यायचा. गावातल्या पेपरातही छापून आणलं तिनं, कृपया कुणीही पाय आपटू नये.

शनिवारी मैदान फुलून गेलं होतं. छान ऊन, हातात मटणाची पाई आणि बिअर, नातवंडं खांद्यावर. हॅल्डनवाले एका बाजूला घोळका करून उभे, दात काढत. आम्ही मंचावर मागच्या रांगेत, आणि मी पुढच्या माइकपाशी. त्यांनी अख्खी रेकॉर्ड वाजवली, पहिल्या भोंग्यापासून. गाणारा लेनी आता पंच्याहत्तरी पार केलेला, पाठ वाकलीय, पण आवाज लागला की तीच आग. मग आलं शेवटचं गाणं. पहिल्यांदा ती ओळ आली आणि अख्खं मैदान शहाण्या मुलासारखं सरळ गायलं. 'मी येतोय घरी.' बस. माती झाली रे गाण्याची! शाळेतल्या प्रार्थनेसारखं सपक. हॅल्डनवाल्यांनी एकमेकांना कोपरानं ढोसलं. दुसऱ्यांदा ओळ आली तेव्हा मी क्लबाच्या बाजूच्या पायऱ्यांकडे बघत होते. तिथं सगळ्यांचे गुडघे वर आले, क्षणभर तसेच राहिले, आणि मग त्यांनी पाय अलगद, आवाज न करता, खाली ठेवले. शरमेनं. आपण आपल्याच मैदानात, आपल्याच गाण्यात, चोरासारखे उभे!

तिसऱ्यांदा ओळ आली ती शेवटची होती. वाद्यं पुढं निघाली, 'घरी' म्हणायला सगळ्यांनी तोंड उघडलं, आणि मी म्हटलं, "मी येतोय!" पुन्हा. एकटी. माइकवर. म्युरिएलनं माझ्याकडे असं बघितलं की दुसरी कुणी असती तर वितळली असती. लेनी मागं वळला. आता माघार घेतली असती तर जन्माचं हसं झालं असतं. मी छाती भरून तिसऱ्यांदा म्हटलं, "मी येतोय!" आणि पाय उचलून असा आपटला! मंच आतून पोकळ, खाली माइक लावलेले. तोफ उडाल्यासारखा आवाज गेला खोरंभर. माझी मीच दचकले. आणि पाठोपाठ समोरून सगळं मैदान, धप्प! लाकडी स्टँडच्या छपरातून धूळ पडली, कबुतरं उडाली, आणि हजारो गळ्यांतून एकच, "घरी!"

वाद्यं बंद पडली होती. ढोलवाला काठ्या वर धरून तसाच बसलेला. लेनी पाय ओढत माझ्यापाशी आला. "काय गं पोरी," म्हणाला, मला, सत्तरीतलीला, "हे काय होतं?" मी म्हटलं, "आमच्या रेकॉर्डवर असंच आहे." तो म्हणाला, "रेकॉर्ड आमची आहे, बाई." मी म्हटलं, "केली असेल तुम्ही. वाजवली आम्ही." अख्ख्या मैदानानं ऐकलं ते, माइक चालूच होता! मग मी त्याला त्या नाचाचं, हॅरल्डचं, तुझ्या कोपराचं सगळं सांगून टाकलं. तो हसत हसत खालीच बसला. उठला, डोळे पुसले आणि ढोलवाल्याला म्हणाला, "ऐकलंस ना? मग तसंच घे." आणि त्यांनी ते गाणं पहिल्यापासून पुन्हा घेतलं, आपल्या पद्धतीनं! तीनदा 'मी येतोय', आणि पाय पडेल त्याच क्षणी मोठ्या ढोलावर घाव. दुसऱ्या खेपेला हॅल्डनवालेही आपटायला लागले. शेवटच्या खेपेला म्युरिएलनं आपटला, तोही दोन्ही पायांनी, टाच मोडली तिच्या बुटाची. ट्रेव्हर, मी लग्नात रडले नव्हते इतकी तिथं रडले, आनंदानं. तेच छापणार आहेत आता. जगात जो कुणी ती रेकॉर्ड घेईल, त्याला क्रॅगशॉचा पाय ऐकू येणार.

उतरताना लेनी मला म्हणाला, "आणि तो पोरगा? कोपरवाला? तो काय विचारायला येत होता?" घरी आले, चहा टाकला आणि कपाटावरच्या डब्यातून तुझी नाताळची कार्डं काढली. तुझी बायको मेरी गेल्यापासूनची. सगळ्यांत खालच्या कार्डावर एकच ओळ, 'पुढच्या वर्षी नक्की येतोय.' त्याच्या पुढच्या वर्षी, 'येतोय.' त्याच्याही पुढच्या वर्षी, 'येतोय.' आणि मी मेली दरवर्षी कार्ड बघून हसायची आणि डब्यात टाकायची. अरे, सुई अडकलीय रे! आणि अशी अडकली की काय करायचं ते या गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. तू काय विचारणार होतास ते मला तेव्हाही ठाऊक होतं, आणि उत्तर 'हो' होतं. अजूनही आहे. म्हणून हे पत्र. आत्ता स्वयंपाकघरात उभी राहून शेवटच्या ओळी लिहितेय, आणि हा बघ, मी पाय आपटला. कपबश्या वाजल्या. आता पुढचा शब्द तुझा.

दारात दिवा ठेवून,
तुझीच,
ब्रेंडा