पुढची खोली आणि सीताचं वाचन

मी, भागीरथी सटवाजी कोलकार, वय अंदाजे पासष्ट, काम घर सांभाळणे व पुढच्या खोलीत बालवाडी चालवणे, राहणार नवनगर, हुबळी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहवून घेत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. निर्णय तेवढा ठिकाणावर नाही. तो सांगता सांगता सापडेल, असं मी लिहून घेणाऱ्या केदारी मास्तरांना कळवलं आहे.

१. घर माझ्या नावावर आहे. मागच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर मुलगा आनंदा व सून शकुंतला यांना. यात घोळ नाही.

२. घोळ पुढच्या खोलीचा आहे. शाळेत जायच्या आधीची पोरं मी तिथं जमवते. वाळूची परात, चिंचोके, जुन्या कॅलेंडरांची चित्रं, एवढंच सामान. आमची पोरं चौदा एप्रिलच्या जयंतीला परातीत पहिलं अक्षर काढतात, शेजारपाजारची दसऱ्याला, परात एकच. ही खोली आनंदाला द्यावी. त्याला तिथं सायकल दुरुस्तीचं दुकान घालायचं आहे. पोटाचा प्रश्न आहे, नाही कोणत्या तोंडानं म्हणू?

३. वरचं रद्द. खोली शेजारच्या जयलक्ष्मीला द्यावी. मी पोरांना मराठीतून गोष्ट सांगते, ती कन्नडमधून. कोल्हा दोन्हीकडे लबाडच. मी गेल्यावर पोरं तिच्याकडेच जाणार. पण आनंदा म्हणतो, "अव्वा, घरात भाईरची माणसं घालतीस काय?" त्याचंही खरंच आहे.

४. आनंदाशी माझं एक भांडण आहे, तेही नोंदवते. माझी नात सीता, साडेचार वर्षांची, पुस्तक उलटं धरून, बोट फिरवत, मनाचं वाचते. आनंदानं एकदा पुस्तक हिसकावलं. "खोटं वाचू नगंस, आधी अक्षरं घोट," म्हणाला. पोरगी कितीतरी दिवस पुस्तकाजवळ फिरकली नाही. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं. कागदात गोष्ट असते हे जिला कळलं, तिला अक्षर काय लांब? रांगणाऱ्या पोराला कोणी 'खोटं चालतोस' म्हणतं का? पण अक्षरं येत नव्हती म्हणून आनंदानं शाळेत मार खाल्ला आहे. पोरीवर ती पाळी नको म्हणून तो घाई करतो. त्यामुळे मला त्याच्यावर धड रागावताही येत नाही.

५. खोली परत आनंदाला. नको, शकुंतलाला. थांबा. केदारी मास्तर म्हणाले, "बाई, शाई संपत आली, तुमचं ठरंना." मी म्हटलं, आधी चहा घ्या.

६. चहा होईपर्यंत सीतानं हाच कागद चटईवरून उचलला. आनंदा दारात उभा होता; त्याला ती अप्पा म्हणते. बोट फिरवत तिनं वाचलं, "आजी म्हणती, फुडची खोली पोरांची हाय. जयलक्ष्मी अक्का गोष्ट सांगणार. अप्पा कट्ट्यावर सायकली नीट करणार. मग अप्पा गोष्ट ऐकायला आत येणार. संपलं." यातलं एक वाक्य कागदावर नव्हतं. मी आनंदाकडे बघितलं. आता ओरडतो असं वाटलं. तो खाली बसला आणि म्हणाला, "परत वाच."

तिनं परत वाचलं. शब्दाला शब्द तेच.

७. सबब पुढच्या खोलीबाबत वर जे जे सांगितलं ते रद्द. खोली सीताच्या नावे. ती सज्ञान होईपर्यंत शकुंतलानं सांभाळावी, बालवाडी जयलक्ष्मीनं चालवावी, दुकान आनंदानं बाहेरच्या कट्ट्यावर घालावं. गोष्टीच्या वेळी हातोडी बंद. परात कोणाचीच नाही, ती खोलीत राहील.

साक्षीदार: आम्हा दोघींसमोर भागीरथीबाईंनी सही केली व त्यांच्यासमोर आम्ही केली:
हिराबाई
नागुबाई

लिहून देणार: भागीरथी सटवाजी कोलकार
लेखनिक: केदारी मास्तर
नवनगर, हुबळी. ता. २० नोव्हेंबर १९८३

मजकूर वाचून दाखवला, तो बरोबर आहे.
वाचणार: सीता आनंदा कोलकार