आवाज गिअरबॉक्सचा नव्हता

प्रिय सुरज,

हे पत्र आपल्या गावच्या राधाकिशनच्या हातानं पाठवतेय. तो आज चाकणला परत निघालाय, संध्याकाळपर्यंत तुझ्या खोलीवर येईल. फोन का केला नाही म्हणशील, तर परवा दुपारी केला होता. तुझ्याच बायकोचं, तेजश्रीचं नाव घेतलं आणि तू "वहिनी, तिची वकिली करू नको" म्हणून कट केलास. दुसऱ्यांदा लावला तर उचललाच नाहीस. कागद कट करता येत नाही. शेवटपर्यंत वाच, मग मला काय बोलायचं ते बोल. मी या घरात आले तेव्हा तू चड्डीत पळत होतास, तुझं नाक मी पुसलंय, त्यामुळं तुझ्या रागाला मी भीत नाही.

तुझ्या गाडीचा आवाज आठवतो ना? लांब गेलं की सुरू होणारा, आधी बारीक, मग चढाला लागलं की पिठाची गिरणी लावल्यासारखा. बीडच्या मिस्त्रीनं एक चक्कर मारून सांगितलं, गिअरबॉक्सची बेअरिंग गेली, कधी दगा देईल नेम नाही. तेवढं ऐकलं आणि तू तेजश्रीवर घसरलास. तिनं दांडा उतारासाठीच्या 'बी'वर टाकून सपाट रस्त्यानं गाडी पळवली, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालणाऱ्या गाडीची तिला अक्कल नाही, तिच्या हातानं गाडी मेली. सगळ्यांसमोर बोललास, आणि तिला तेव्हा आठवा लागलेला. वर चाकणला जाताना चावी आईंकडं दिलीस, हिला हात लावू देऊ नका म्हणून. त्यानंतर तिच्याशी एकदा तरी धड बोललास का? जिनं मला खळ्यावर गोल गोल फिरवून गाडी शिकवली, ती अंगणात गाडीला वळसा घालून जायला लागली. मला हे बघवत नव्हतं.

परवा दुपारी ती म्हणाली, डोकं फुटतंय, डोळ्यापुढं अंधारी येतीय. पाय तर आधीच सुजलेले. मग पोटात कळ निघाली. बीपी वाढलं तर एक मिनिट थांबू नका, सरळ नगरला आणा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं. तुझा दादा मेंढरं घेऊन माळावर, तिकडं रेंज नाही. अँब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. परमेश्वरची जीप लग्नाच्या वऱ्हाडात. तेव्हा मी तुला फोन लावला, गाडी नगरपर्यंत टिकेल का एवढंच विचारायला. पुढचं तुला माहीत आहे. मी आईंकडं हात पसरला. आई म्हणाल्या, "वाटंत बंद पडली तर काय करशील गं?" मी म्हणलं, घरात बसून तरी काय करू? त्यांनी कमरेची चावी काढून दिली आणि मागं तेजश्रीचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या.

खळं सोडून मोठ्या रस्त्याला मी पहिल्यांदाच गाडी घातली. तो आवाज सुरू झाला आणि वाढतच गेला. आत्ता काहीतरी तुटणार, आत्ता तुटणार, असं प्रत्येक खड्ड्याला वाटायचं. खंडोबाला म्हणलं, गाडी मोडू दे, पण दवाखान्याच्या दारात मोडू दे. कडा गावात पोचलो तर उसाच्या ट्रॉल्यांची ही रांग! मुंगीला वाट नाही. गाडी थांबवली, तसं तिच्या सवयीनं इंजिन आपोआप बंद झालं. आणि आवाज मात्र चालूच. मग डोक्यात उजेड पडला. चाकं थांबलेली, इंजिन गप्प, गिअरबॉक्समध्ये फिरतंय काय मग? ओरडतंय कोण?

आई म्हणाल्या, "अगं, हे तर माझ्या कुशीजवळून येतंय." मी खाली उतरले, मागचं दार उघडलं, कान लावला. मागच्या सीटच्या बाजूला काळी जाळी आहे बघ, आवाज तिथून. हात धरला तर आत वारा ओढायची धडपड चाललेली, पण वाटच बुजलेली. केसातली पिन काढून जाळी उचकटली आणि बोटं घातली, तर लोकर! काळी, मातीनं थापलेली, घोंगडीचा तुकडा निघावा तशी. मी मुठीनं उपसली. मागून ट्रॅक्टरवाला भोंगा वाजवतोय, आई देवाचं नाव घेतायत, आणि मी रस्त्यात गुडघ्यावर बसून लोकर काढतेय. आतला पंखा बॅटरी गार ठेवायला असतो, हे मला नंतर कळलं. बॅटरी तापली की तो जीव तोडून फिरतो, आणि आपण त्यालाच गिअरबॉक्स म्हणत होतो. पुढं एसी मोठा केला, आणि नगर जवळ आलं तसा आवाज उतरत उतरत गेला. गाडी ठणठणीत आहे.

आता लोकर कुठून आली ते तूच आठव. जत्रेला आलास तेव्हा टेम्पो मिळेना म्हणून मामाच्या कळपातली कोकरं मागच्या सीटवर कोंबून कुणी आणली? कोकरांना एसी लावलाय म्हणून फोटो कुणी टाकले? आवाज त्याच्यानंतरच सुरू झाला. टोचायला लिहितेस का म्हणशील. होय, टोचायलाच लिहितेय.

आणि ज्याच्यासाठी लिहायला बसले ते सांगते. कडा यायच्या आधी, आवाज लई वाढला तेव्हा तेजश्रीनं मागून माझा खांदा घट्ट धरला. मला वाटलं, कळ आली. तर म्हणते, "ताई, हळू घ्या. गाडी मोडली तर ते मला घरात ठेवणार न्हाईत." ओठ पांढरे पडलेले, डोळ्यांनी दिसत नाही, पोटात तुझं लेकरू, आणि त्या वेळी तिला भ्या कशाचं, तर तुझं. मला रडू फुटलं, पण मी वेग कमी केला नाही. म्हणलं, घर काय त्याच्या एकट्याचं हाय का? मी हाय तवर तुला कोण काढतं तेच बघते. मुलगी झाली, सुरज. वजन कमी आहे म्हणून काचेच्या पेटीत ठेवलीय, पण रडते खणखणीत. तेजश्रीचं बीपी आज उतरलं. तुला कळवू नका म्हणाली, कारण तू आलास की आधी गाडीचंच विचारशील असं तिला वाटतं. मी तिचं ऐकलं नाही. तू मिळेल त्या गाडीनं नगरला ये. आत शिरल्यावर तू पहिलं काय विचारतोस, ते मी दाराशी उभी राहून ऐकणार आहे.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
सत्यशीला वहिनी