आबांच्या वयाचे मार्क

आबा,

पळसदेवला पाणी उतरलंय, जुन्या देवळाचा कळस वर आलाय. मी सध्या हितं होडीवर जाळी ओढतो. त्याआधी ट्रकवर क्लीनर होतो, त्याआधी कळंबला उसात. "ह्याच्या पायाला भिंगरी हाय, पर डोक्याला मेख न्हाय," असं तुम्ही म्हणायचात. खरंय. बघा, सांगायचं राहिलं बाजूला.

दिवाळीनंतर कळप कोकणाकडं निघायचा, त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही आपल्या गावात, पणदऱ्यात, एकेका मेंढीच्या पाठीवरून हात फिरवायचात. मणका बोटाला टोचला, की ती मेंढी मागं. "ही घाट उतरायची न्हाय." एका लंगडीलाही तुम्ही तसंच मागं काढलं होतं. ती दावं तोडून कळपामागं आली, घाट उतरली आणि पावसाआधी चालत घरी परतली. आई म्हणाली, "हिला तुमचा हिशेब कुणी सांगितलाच न्हाय वाटतं!" तुम्ही हसलात. पण पुढच्या सालापासून मागं काढलेल्या मेंढरावर सकाळी पुन्हा एकदा हात फिरवायला लागलात.

बारामतीच्या दवाखान्यात तुम्हाला नेलं, तेव्हा छाती भरून आली होती, बोलवत नव्हतं. तरी नाव नोंदवायच्या खिडकीतल्या बाईनं वय विचारल्यावर मान ताठ केलीत. "लिवा, पंच्याहत्तर." आपल्यात पंचांत बसणारा माणूस वय चढवूनच सांगतो, तेवढाच मान वाढतो. आई शेजारी नुसती कपाळावर हात मारून उभी.

श्वास देणारं मशीन एकच होतं आणि त्याची गरज दोघांना. डॉक्टरकडं एक छापील तक्ता होता. वयाला इतके मार्क, रक्तदाबाला इतके, लघवी अडली त्याला इतके. शाळेत मार्क पडले की पोरगं वर जातं. हितं पडले की माणूस मागं.

"एवढे मार्क पडलेले शंभर आले, तर त्यातले थोडेच घरी जातात," डॉक्टर म्हणाला.

"मग आमचं आबा त्या थोड्यातलं, का बाकीच्यातलं?" मी विचारलं.

"ते तक्ता सांगत नाही."

"मग कोन सांगतं?"

आई पुढं झाली. "सायेब, ह्यांच्या थोरल्या भावाला अजून सत्तर लागलं न्हाय, तर ह्ये पंच्याहत्तरचं कुठनं? पुन्यांदा मांडा की."

"मशीन लावलंय आता दुसऱ्याला, मावशी."

दुसरा म्हणजे एक तरणा पोरगा. तो पुढं चालत घरी गेला. बरं झालं. असं म्हणताना जीभ अजून अडखळते. तुम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी गेलात. मेंढरालाही तुम्ही दोनदा तपासायचात, आबा. तुम्हाला त्या डॉक्टरनं एकदाच मांडलं, तेही तुमच्याच फुशारकीवर.

आई अजून म्हणते, खरं वय मांडलं असतं तर वाचले असते. मग त्या डॉक्टराला शिव्या देते, आणि मी तिच्यापेक्षा मोठ्यानं देतो.

तिला एक सांगितलेलं नाही. मशीन दुसऱ्याला लागलं त्या संध्याकाळी चादर बदलायला तुम्हाला उचललं, तेव्हा माझा हात आपसूक तुमच्या पाठीवरून फिरला. मणका टोचला. तक्त्यावर माझा विश्वास नव्हता, म्हणून सकाळी पुन्हा फिरवला.

पुन्हा टोचला.