तुमच्या नावाची पाणपोई

प्रिय मामाजी,

तुम्ही गेल्यानंतरची ही पहिली चौदा एप्रिलची जयंती. दिवसभर वस्तीतले लोक म्हणत होते, "आज मामाजी पाहिजे होते." म्हणून घरी येऊन हातपाय धुतले आणि आधी तुम्हालाच लिहायला बसले.

पोरांना बँड हवा होता. मी म्हटलं, आपल्याला मज्जाव होता त्या तळ्याच्या पायऱ्या ज्या मामाजींनी मिळवून दिल्या, त्यांच्या नावाने एस.टी. स्टँडवर पाणी पाजू. वस्तीतली शेवंताबाई हसली. "मास्तरीनबाई, आपल्या हातचं कोन पेते?"

तरी सगळे राबले! रांजण भरले, तुमच्या नावाची पाटी लावली. वरून ओंजळीत ओतायचं नाही, पेला हातात द्यायचा, हा माझा हट्ट.

पहिली बस आली. लोकांनी पाटी वाचली आणि निघून गेले. दुसरीचंही तेच.

तुमचा मुलगा कानाशी आला. "पाटी काढून ठेव. नाव नाही वाचलं त पितीन लोक."

मी नाही म्हटलं. पण तुमच्या नावासाठी मी तहानलेल्यांना उन्हात उभं ठेवत होते का? मामाजी, हक्क मागायला तुम्ही शिकवलंत. आपण देऊ केलं आणि कोणी घेतलं नाही तर काय करायचं, हे का नाही सांगून गेलात?

तेवढ्यात पाटलांच्या घरची म्हातारी अनुसयाबाई बसमधून उतरली. "कोनाची होय वं पानपोई?"

मी तुमचं नाव सांगितलं.

"तो तळ्यावाला? माह्या सासऱ्यासंग भांडे तो?"

"हो."

"लय भांडकुदळ होता!" म्हणत तिने पेला घेतला, तोंडाला लावला, रिकामा करून पुढे धरला. "अजून टाक." मग लोकांकडे वळून ओरडली, "कायले पाहून राहिले रे? पानी हाये, जहर नोहोय!"

मामाजी, रांग लागली! पेले पुरेनात. दुपारी रांजण भरायला पाटलांच्या आळीतलेही आले. शेवंताबाई डोळे पुसत दटावत होती, "ढकलू नका ना जी, सगळ्याइले भेटते!"

अनुसयाबाई आली नसती तर मी पाटी उतरवली असती का? खरंच माहीत नाही. जाताना ती म्हणाली, "उद्या माही सून धाडतो पानी वाटाले."

पाऊस लागेपर्यंत ही पाणपोई बंद होणार नाही, मामाजी. आणि उद्या शाळेआधी मी रांगेत उभी राहीन, तुमच्या पाटीखाली त्या घरच्या सुनेच्या हातून पाणी पिईन.

तुमची सून,
विमल