तोकड्या बाह्यांचा कोट

रविवार, १२ फेब्रुवारी २००६, अंबरनाथ

जॅझ महोत्सवाचा इतिहास लिहिताना अडलो कुठे, तर एका कोटाच्या बाह्यांवर! जुन्या फोटोतल्या सॅक्सोफोनवाल्याला त्या चांगल्या चार बोटं तोकड्या. खाली नाव मारुतीचं. आज उल्हासनगरला वरातीच्या बँडमधले भिकाजीकाका फोटो बघून म्हणाले, "हा मी आहे. मारुती तापाने पडलेला. आमच्यात बदली जाणारा त्याचाच कोट घालतो, नावही त्याचंच लावतो."

"मग नाव बदलतो, काका."

"नको रे. मारुती गेला. त्याच्या बायकोने हाच फोटो भिंतीवर लावलाय, हार घालते त्याला."

टोपीच्या सावलीत चेहरा दिसत नाही, खरं. पण त्या बाईच मला म्हणाल्या होत्या, कोट मी शिवला, यांना अगदी अंगाबरोबर बसायचा. मग या बाह्या त्यांना रोज दिसत असणारच. तरी हार घालतात?

उद्या छापायला द्यायचंय. दोघांपैकी कुणाचंच नाव लिहवत नाही.