पटावरचे तीन चौकोन

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, उभा जन्म दातांच्या कवळ्या करण्यात घालवलेली बाई, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. स्मरणशक्तीही ठणठणीत आहे, आणि काही जणांना तेच जड जाणार आहे.

१. माझी हत्यारे, म्हणजे मेणाच्या सुऱ्या, कानशी व बारीक ब्रश, कामावर माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीला द्यावीत. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. हे तिला कधी सांगितलं नाही, कारण कौतुक केलं की ती लगेच सुट्टी मागते.

२. ज्या दंतवैद्याने माझ्या कवळ्या तीस वर्षे स्वतःच्या म्हणून मिरवल्या, त्याला कपाटातली एक कवळी द्यावी. त्याने खरोखर स्वतः केलेली तेवढीच आहे. ती कोणाच्याच तोंडात बसली नाही.

३. माझे स्वकष्टार्जित दोन खोल्यांचे घर धाकट्या भावाला द्यावे. त्याने इतक्यात हुरळून जाऊ नये. पुढे अट आहे.

४. ती अट पुरी होईतोवर मागच्या खोलीतल्या टेबलाला कोणीही हात लावू नये. त्यावर एकोणीस वर्षांपूर्वीची लढाई मांडलेली आहे. दर रविवारी दुपारी आम्ही फाशांचा साहसाचा खेळ खेळायचो. खेळ आमच्या गल्लीत घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी चालवायचे. पटावर बाहुल्या: माझी तलवारवाली, धाकट्याचा तिरंदाज, आणि समोर राक्षस. त्याला मी खऱ्या कवळीचे दात बसवले होते.

वकीलसाहेबांना समजावं म्हणून नियम लिहिते. फासे टाकून क्रम लागतो. आपली खेळी आली की सहा चौकोन चालायचं आणि एक काम करायचं: वार करा, नाहीतर कोणाला औषध पाजा. पडलेला माणूस उठला की निम्मी चाल उठण्यातच जाते, उरतात तीन चौकोन. शत्रूला पाठ दाखवून निघालात तर त्याला एक फुकटचा वार मिळतो.

त्या रविवारी तिरंदाज आडवा झाला. मी माझी औषधाची शेवटची बाटली त्याला पाजली आणि राक्षस पुन्हा त्याच्यावर जाऊ नये म्हणून मुद्दाम पाठ दाखवून निघाले. फुकटचा वार झेलला. राक्षस माझ्यामागे आला आणि त्याने मला लोळवलं. मग धाकट्याची खेळी आली. बाटली त्याच्याही कमरेला होती.

"ताई, पोचत नाही गं," तो म्हणाला. "मी आपला दाराकडे पळतो."

"मोज की जरा!"

"मोजलं. चार होतात."

घड्याळजींनी विचारलं, "नक्की ना?" त्यावर हा चिडून उठला. "खेळ आहे तो, एवढं काय!" म्हणाला आणि चपला घालून चालता झाला.

त्याच वर्षी माझं कंबरेचं हाड मोडलं. वहिनी, म्हणजे धाकट्याची बायको, रोज डबा घेऊन आली. धाकटा दोन गल्ल्या सोडून राहतो, पण अडीच महिन्यांत फिरकला नाही. फोनवर म्हणाला, "ताई, जमत नाही गं यायला." तेव्हा माझं डोकं फिरलं ते अजून ताळ्यावर आलेलं नाही, डॉक्टर काहीही लिहोत.

५. अट अशी. माझ्या पश्चात महिन्याच्या आत धाकट्याने वहिनी व घड्याळजींच्या समक्ष, पटावर बोट ठेवून, मोठ्याने चौकोन मोजावेत. तीन मोजून "पोचत होतं, ताई" असं म्हणाला, तर घर त्याचं. चार म्हणाला, तर घर एकट्या वहिनीच्या नावे करावे. मग तिथे उठणं-बसणंसुद्धा त्याने तिला विचारून करावं.

६. पडलेलं माणूस या खेळात लगेच मरत नाही. त्याची खेळी आली की फासा टाकून ठरतं. माझी खेळी आलीच नाही, कारण धाकट्याने स्वतःची संपवलेली नाही. एकोणीस वर्षं मी तिथे पडून आहे. राक्षस आणि तलवारवाली मी प्लास्टरने पक्की चिकटवली आहेत. तिरंदाज तेवढा सुटा ठेवला आहे.

सही: धाकट्याची ताई

साक्षीदार:
१. खालच्या मजल्यावरची परिचारिका (सही)
२. कोपऱ्यावरचे छापखानेवाले (सही)

स्थळ: मागची खोली, टेबलापाशी
दिनांक: १९ ऑक्टोबर, रविवार, दुपार