जाळीखालची पोकळी

१४ ऑगस्ट

ती. आईस,
साष्टांग नमस्कार. दीड महिना पत्र नाही, क्षमा कर. मी ठणठणीत आहे. गुडघा तेवढा खरचटलाय.

घरामागच्या उभ्या उतारावरची माती वाहून जाऊ नये म्हणून आम्ही काथ्याची जाळी अंथरली होती. तिच्यातून असं गवत उगवलं की सगळे कौतुक करत होते. आज त्या हिरवळीवर पाय ठेवला आणि गुडघ्यापर्यंत आत गेले. खाली मातीच नव्हती! पाणी जाळीखालून वाहत राहिलं आणि वर गवत डुलत राहिलं. जाळी खड्ड्याखड्ड्यात टेकवायला हवी होती. मी ती ताणून बसवली. खड्डे मला दिसले नव्हते, की नीटनेटकेपणाच्या नादात मी पाहिलेच नाहीत?

उतार केव्हाही ढासळेल, घराबाहेर पडूया म्हटलं, तर घरमालकीणबाई हलेनात. "एवढं हिरवंगार आहे, शिवाय तुमचंच काम. मग घाबरता कशाला?" त्यांच्या या विश्वासानेच मला धडकी भरली. शेवटी हाताला धरून त्यांना रस्त्यापलीकडे त्यांच्या बहिणीकडे नेलं. मीही तिथेच आहे, काळजी करू नकोस.

बाबांचा खोकला थांबला का?

तुझी,
धाकटी

ता. क. उद्याचं काम: कौतुक करणाऱ्या सगळ्यांसमोर गवतासकट जाळी कापून खालची पोकळी दाखवणे.